जुन्या हार्डडिस्कमध्ये राहिलेली वाडी

विघ्नहर्त्या गजाननाला आणि वाग्देवी शारदेला प्रथम वंदन करतो. आज वसंत पंचमी. सकाळी देवघरात सरस्वतीच्या तसबिरीपुढे पोथी आणि लेखणी मांडली आणि या वर्षी त्यांच्या शेजारी माझा संगणकही ठेवला. त्याला कारण घडले. गेला महिनाभर त्याच्या पोटातून टक्-टक् असा आवाज येत होता. सूनबाईंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "बाबा, ही हार्डडिस्क जायला आलीय. पूर्ण बंद पडायच्या आत सिस्टीम नव्या डिस्कवर हलवू या." काल दुपारी त्यांनी ते काम केले. मी शेजारी बसून होतो. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती, आणि माझे मन मात्र मागे, लोणावळ्याच्या दिशेने चालले होते.

ती घटना आजही आठवते. मावळात माझी बदली झाली तेव्हा निवृत्तीला जेमतेम वर्ष उरले होते. लहानपणी सहा वर्षे पाठशाळेत काढलेला माणूस खाकीत कसा आला, हे कोडे सहकाऱ्यांना शेवटपर्यंत सुटले नाही. पाठीमागे ते मला 'शास्त्रीसाहेब' म्हणत, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होते. पावसाळाभर भुशी धरणावरच्या गर्दीने आम्हाला श्वास घेऊ दिला नव्हता. वाहनांच्या रांगा, चुकामूक झालेली माणसे, पाण्यात उतरू नका म्हणून घसा कोरडा करणे. दिवाळी सरली तसा मात्र ठाण्यावर एक निवांतपणा उतरला. खाचरांत भाताची कापणी चाललेली, उतारावर सोनकीची शेवटची पिवळी फुले, घाट चढून येणाऱ्या गाडीची शीळ. सकाळची हजेरी झाली, स्टेशन डायरी वाचली, की आवारातल्या जांभळाखाली बसून आम्ही चहा घेत असू. तसा चहा पुन्हा मिळाला नाही.

अशाच एका सकाळी कुरवंड्याच्या वाटेवरील एका सेवा केंद्राचा चालक तक्रार अर्ज घेऊन आला. दाखले, उतारे, निरनिराळे ऑनलाइन अर्ज अशी कामे तो करी. पस्तिशीचा, शेतकरी घरातला, इस्त्रीचा सदरा घातलेला गृहस्थ. त्याचे म्हणणे असे, की वसुबारसेला संध्याकाळी त्याने केंद्र उघडले तर संगणक सुरू होईना. डबा उघडून पाहिला तर आतली हार्डडिस्क गायब. त्याने नवी डिस्क आणली, नव्याने सिस्टीम टाकली आणि काम चालू केले. पण जुन्या डिस्कमधले लोकांचे कागद गेले ते गेलेच.

"चोरी वसुबारसेला, आणि अर्ज आज?" मी विचारले.

"दिवाळीच्या सणात ठाण्याची पायरी नको म्हटलं, साहेब."

"संशय कोणावर?"

तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "झाडलोट करायला वाडीवरची मावशी येते. दुसरी चावी तिच्याकडंच होती. वसुबारसेला दुपारी चावी देऊन ती लेकीकडं कामशेतला गेली. आता तिला त्यातलं काय कळतंय? भंगारात घातली असंल."

माझे हवालदार तिथल्याच पंचक्रोशीतले, मनाने सरळ, पण जिभेला लगाम नसलेले. ते म्हणाले, "साहेब, वाडीवरचंच काम आसंल. दर येळेला तितनंच निघतंय. तिलाच आधी आणू."

मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल पुढे लिहितो.

मावशी दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आली. भाताच्या कापणीवरून तशीच उठून आलेली. लुगड्याला काडीकचरा चिकटलेला, पन्नाशीची, सडपातळ बाई. मला त्याच वेळी बंदोबस्ताच्या बैठकीला जावे लागले. मी परतलो तेव्हा दोन वाजले होते आणि मावशी दारालगतच्या बाकड्यावर तशीच बसून होती. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहून जात होते. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावू नये, तिच्या राहत्या घरी जावे, हा नियम मला तोंडपाठ होता. तरी ती बाकड्यावर बसली होती.

महिला शिपाई बाईंना समोर बसवून मी चौकशी सुरू केली.

"मावशी, त्या संगणकाच्या डब्यातली वस्तू गेली आहे."

"आसंल गेली. म्या त्या डब्याला फडकं बी लावत न्हाई. मालक म्हनतो, करंट बसंल."

"चावी तुमच्याकडे होती?"

"व्हय, हुती. सा वरीस हुती. सा वरसांत काय गेलं न्हाई, आन आत्ताच गेलं?"

तिने पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिले. "साहेब, औंदाच्या पावसात आमची पत्र्याची पेटी भिजली. वाडीतल्या अकरा घरांचे कागद त्यात. लगदा झाला समदा. पर त्याआधी केंद्रात त्याचे फोटू काढून त्या डब्यात ठेवल्यात म्हनं. पुनव झाली की दोन दिसांनी सुनावणी हाय. आता तुमीच सांगा, म्या माझंच घर चोरून भंगारात घालीन व्हय?"

प्रकरणाचे खरे वजन मला तेव्हा कळले. डोंगरउतारावरील ती अकरा घरे पिढ्यान् पिढ्या जिथे राहत आणि जे तुकडे कसत, त्या जमिनीवर वनहक्काचा त्यांचा दावा होता. जुने दाखले, ग्रामसभेचे ठराव, वडीलधाऱ्यांच्या नावच्या नोंदी हाच त्यांचा पुरावा. मूळ कागद पाण्यात गेले. त्यांची चित्रे त्या हरवलेल्या डिस्कमध्ये. सुनावणीला आठ दिवस उरले होते. आणि जी बाई त्या पुराव्यासाठी सर्वांत जास्त तळमळत होती, तीच आमच्या बाकड्यावर चोर म्हणून बसली होती.

तिला मी घरी पाठवले. हवालदारांना लोणावळ्याच्या बाजारात धाडले. कोणी जुनी हार्डडिस्क विकायला आले होते का, याची भंगारवाल्यांकडे आणि दुरुस्तीच्या दुकानांत विचारपूस करण्यास सांगितले. ते रिकाम्या हातांनी आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात दूरध्वनी आला. बाजारपेठेत संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवणाऱ्या एक बाई बोलत होत्या.

"सर, काल तुमचे हवालदार येऊन गेले. डिस्क विकायला कोणी आलेलं नाही. पण एक गोष्ट रात्रभर डोक्यात घोळतेय. ते केंद्रवाले भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडून केबल घेऊन गेले. जुनी डिस्क बाहेरून जोडायची केबल. एका मशीनवर एकाच वेळी दोन डिस्क चालवायच्या असतील तर ती लागते."

"त्यात विशेष काय?"

"सर, त्यांची जुनी डिस्क वसुबारसेलाच चोरीला गेली ना? मग भाऊबीजेनंतर जोडायला दुसरी डिस्क आणली कुठून?"

पोलिसी आयुष्यात मी एक अनुभव वारंवार घेतला. खरी बातमी बहुधा खबऱ्याकडून येत नाही. आपल्या कामात चोख असलेल्या माणसाकडून ती येते. ज्याला आपला धंदा नीट कळतो, त्याला त्यातले विसंगत लगेच टोचते.

त्याच दुपारी मी त्या बाई, हवालदार आणि दोन पंच यांना घेऊन केंद्रात गेलो. केंद्र एका खोलीचे, स्वच्छ. टेबलाखाली संगणकाचा उभा डबा होता, आणि त्याच्या बाजूला हळदीकुंकवाचे स्वस्तिक.

"हे कधीचे?" मी सहज विचारले.

"लक्ष्मीपूजनाचं, साहेब. घरातली मंडळी येऊन काढून गेली. पोट यावरच चालतंय, म्हणून आधी त्याचीच पूजा."

"छान. आणि त्यानंतर डबा उघडला?"

"छे छे! नवी डिस्क आधीच बसवली होती ना वसुबारसेला. त्यानंतर पूजलेल्या वस्तूला कोण हात लावतंय?"

मी खाली वाकलो. पाठशाळेत आम्हाला रांगोळीचे स्वस्तिक रेखायला लावत, आणि भुजा वाकडी गेली की पुन्हा पुसून काढायला लावत. माझी दृष्टी त्यामुळे तशी घडली आहे. डब्याची बाजूची झाकणी आणि पुढचा भाग यांच्यामधल्या फटीवरून त्या स्वस्तिकाची एक भुजा गेली होती. ओल्या कुंकवाने रेखलेली भुजा एकसंध सुकते. इथे ती फटीवर तुटली होती, कडेचे कुंकू भुरभुरून गळाले होते, आणि तिचा उरलेला तुकडा जवभर खाली सरकला होता. झाकणी काढून पुन्हा बसवताना ती मूळ जागी बसली नव्हती.

मी पंचांना दाखवले. ते दोघेही देवभोळे शेतकरी. एकजण पटकन बोलून गेला, "आरं, हे तर पूजेनंतर उघडलंय!"

लक्ष्मीपूजनाच्या वेळी मावशी कामशेतला लेकीच्या बाळंतपणात होती, आणि दोन्ही चाव्या चालकाच्या खिशात होत्या. पण चालक मागे हटला नाही. "उघडला असंल साहेब, धूळ झाडायला. ध्यानात नव्हतं."

मी बाईंना खूण केली. त्यांनी संगणक सुरू केला, काळ्या पडद्यावर काहीतरी टंकले आणि आलेली ओळ वाचून त्या हसल्या.

"भाऊ, नव्याने सिस्टीम टाकली म्हणालात ना?"

"व्हय. कोरी."

"मग ही सिस्टीम तीन वर्षांपूर्वी बसवल्याची तारीख का दाखवतेय? डिस्क तर तुमची या महिन्यातली आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "सर, हे नव्याने टाकलेलं नाहीच. जुन्या डिस्कवरची सिस्टीम जशीच्या तशी उचलून इथे आणलीय. तोच प्रिंटर, तेच पासवर्ड, तीच तारीख. आणि उचलून आणायचं तर जुनी डिस्क शेजारी जोडलेली लागते. चोरीला गेलेल्या डिस्कवरून काही उचलता येत नाही."

बाहेर कोणाची तरी भाताची झोडणी चालली होती, तिचा धप्-धप् आवाज तेवढा येत होता.

चौकशीचे माझे एक तंत्र होते. पुरावा समोर मांडल्यावर मी आवाज चढवत नसे, खुर्ची जवळ ओढून बसत असे. मी तसा बसलो आणि म्हणालो, "भाऊ, तुम्ही चोर नाही, हे मला कळले. आता काय झाले ते सांगा."

तो रडू लागला. दिवाळीच्या आधीपासूनच डिस्क टक्-टक् वाजत होती. भाऊबीज झाल्यावर त्याने मोबाइलवर पाहून पाहून सिस्टीम हलवण्याचा उद्योग स्वतःच केला. संगणक छान सुरू झाला, तो खूश झाला. पण लोकांचे कागद डिस्कच्या दुसऱ्या भागात होते, आणि त्याने फक्त पहिला भाग उचलला होता. हे ध्यानात येऊन त्याने जुनी डिस्क पुन्हा जोडली, तर ती नुसती वाजे, उघडेना. दुसऱ्याच दिवशी वाडीची माणसे सुनावणीसाठी कागद मागायला आली.

"तोंडातून निघून गेलं साहेब, चोरीला गेली म्हणून. मग कुणी नेली विचारल्यावर मावशीचं नाव आलं. एकदा बोललो ते फिरवता येईना. केंद्राचा परवाना गेला असता."

"आणि मावशीची अब्रू?" हवालदारांनी विचारले. त्यांचा तो स्वर मी त्याआधी ऐकला नव्हता. "ती काय तुज्या परवान्यापरीस सस्त्यातली हुती व्हय रं?"



"डिस्क कुठे आहे?" मी विचारले. "इंद्रायणीत टाकलीत?"

"न्हाई साहेब." त्याने डोळे पुसले. "टाकायची हुती. पर लक्ष्मी म्हणून कुंकू लावलंय त्या मशीनला. पूजलेली वस्तू भंगारात कशी घालायची? पुनवेला निर्माल्याबरोबर नदीत सोडायची म्हणून देव्हाऱ्यात ठेवलीय."

खोटे बोलताना जो माणूस एका गरीब बाईचा विचार करू शकला नाही, तो एका निर्जीव डबीचा अनादर करू धजला नाही. मनुष्याच्या श्रद्धेचे हे रूप पाहून त्या दिवशी मला हसावे की रडावे ते कळेना. पण त्या वाडीच्या दैवाने तिथेच हात दिला, हे मात्र खरे. पौर्णिमेला पाच दिवस होते. पंचनामा करून आम्ही त्याच्या देव्हाऱ्यातून, लाल फडक्यात बांधलेली, वर झेंडूचे फूल चिकटलेली ती डिस्क ताब्यात घेतली.

पंचांसमक्ष मोहोर लावलेले पाकीट घेऊन दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या बाईंच्या दुकानात बसलो. त्यांनी आधी हात वर करून सांगितले, "सर, खात्री देत नाही. हिचे श्वास मोजके राहिलेत. जेवढी फिरवू तेवढी झिजेल. म्हणून सगळी डिस्क उतरवायच्या मागे लागणार नाही. आधी फक्त वाडीचा फोल्डर."

डिस्क वाजे, थांबे, त्या तिला गार होऊ देत, पुन्हा जोडत. मी मनातल्या मनात जप करीत बसलो होतो. पहिल्या घराचे कागद पडद्यावर उमटले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पिवळा पडलेला शाळेचा दाखला, त्यावर कोणा आजोबांचा अंगठा. पाचच्या सुमारास डिस्क एकदा मोठ्याने वाजली आणि कायमची गप्प झाली. तोवर अकरांपैकी नऊ घरांचे कागद वाचले होते. उरलेल्या दोन घरांसाठी नियमात वडीलधाऱ्यांच्या जबाबाची तरतूद होती. वाडीतले नव्वदीचे आबा तो द्यायला तयार होते. "सांगतो की," ते म्हणाले, "कुनाचा बाप कुटं नांगर धरायचा, त्ये मला न्हाई तर कुनाला ठावं?"

आता प्रश्न चालकाचा. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करणे मला शक्य होते, आणि मी कागद तयारही केले होते. ते घेऊन मी मावशीच्या घरी गेलो, या वेळी तिच्याच ओसरीवर. तिने सगळे ऐकून घेतले.

"त्याला आत घालून काय व्हनार? पोरंबाळं हायती त्याला. आन सुनावनीचे कागद परत त्याच मशीनवर काढायचे हायती ना?" मग म्हणाली, "पर माझं नाव त्यानं समद्यांम्होरं घेतलंय. त्यो डाग त्यानं हितं येऊन, समद्यांम्होरं पुसावा."

तसेच झाले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी चालक वाडीची ती चढण चढून आला. अकराही घरांची माणसे जमली होती. त्याने हात जोडून सांगितले की चोरी झालीच नव्हती, चूक त्याची होती, आणि मावशीवर त्याने खोटा आळ घेतला. मावशीने त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "उद्याच्याला केंद्र झाडायला येते. चावी दे." लोक हसले, ताण सुटला.

मग मी उभा राहिलो. मावशीला ठाण्यात बोलावणे, चार तास बाकड्यावर बसवणे, ही माझी चूक होती, असे मी सर्वांसमक्ष म्हणालो. हवालदार माझ्या शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते.

मावशीने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. "बसवल्याचं न्हाई एवढं, साहेब," ती म्हणाली. "कापनीत दिसभर वाकून आसतो आमी, बसायला काय जातंय? पर त्या दिशी येऊन-जाऊन धा जनांनी माझ्याकडं बघितलं, आन एकानं बी इचारलं न्हाई, की मावशी, तुजं काय हरवलंय?"

सुनावणीला कागद वेळेवर पोहोचले. आबांचा जबाब झाला. पुढे काही महिन्यांनी, मी निवृत्त झाल्यावर, हवालदारांनी कळवले की अकराही घरांचे दावे मान्य झाले.

या प्रकरणाने मला काय शिकवले ते लिहून थांबतो. त्या केंद्रचालकाने जुन्या डिस्कवरून सिस्टीम तेवढी उचलली आणि माणसांचे कागद मागे ठेवले, हे ऐकून मला प्रथम त्याची कीव आली होती. नंतर विचार करता मी ओशाळलो. आमच्या ठाण्यात किती अधिकारी आले आणि गेले. टेबले बदलली, गणवेश बदलले, नोंदवह्या जाऊन संगणक आले. पण 'चोरी झाली की आधी वाडीवर जा' ही रीत एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी उतरत आली होती, कोणी न बसवता, कोणी न तपासता. ती माझ्यातही होती. मी शास्त्र शिकलो, नियम पाठ केले, तरी त्या सकाळी मान डोलावली ती त्याच जुन्या रीतीने. त्या माणसांची खरी हकीकत मात्र कोणीच पुढे नेली नव्हती. ती दर वेळी मागे राहत होती, आणि दर वेळी नव्याने पुसली जात होती. त्यानंतर उरलेल्या चार महिन्यांत कोणाचाही जबाब घेताना मी पहिला प्रश्न बदलला. 'तुम्ही काय केले' याऐवजी 'तुमचे काय गेले' असे मी विचारू लागलो. किती तरी प्रकरणे त्या एका प्रश्नाने सरळ झाली.

हे वाचणाऱ्या आपल्या सर्वांवर, आपल्या घरातल्या थोरामोठ्यांवर आणि मुलाबाळांवर जगदंबेची कृपादृष्टी असो. आपल्या कुटुंबातील कोणावर खोटा आळ न येवो. आणि कधी आलाच, तर त्याला हाक मारून, जवळ बसवून, त्याचे काय हरवले ते विचारणारे माणूस त्याला भेटो. शुभं भवतु.